मानमोडीची शेगडी

बर्फाच्या देशात जाऊन मी उकाड्याने हैराण झालो, असे परत आल्यावर सांगू लागलो तेव्हा आमच्या शाळेतल्या शिक्षकांच्या खोलीत हशा पिकला. "कादंबरीकार ना तुम्ही!" म्हणून एकाने मला मोडीतच काढले. त्यांना बोल लावण्यात अर्थ नाही. थंडी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे घोंगडी येते, शेकोटी येते. आणि शेकोटीचा मोठा गुण असा, की धग नकोशी झाली म्हणजे आपल्याला दोन हात मागे सरकता येते. न्यूयॉर्कच्या जॅक्सन हाइट्स भागात माझी धाकटी बहीण राहते. तिच्या घरातल्या शेकोटीपासून मागे सरकायला जागा नाही. ती खिडकीखाली भिंतीला लागून कायमची बसलेली आहे, आणि ती विझत नाही.

मी जानेवारीत तिकडे गेलो तो काही हौसेने नव्हे. आई नोव्हेंबरपासून बहिणीकडे होती. चांगली चार-पाच महिने राहणार म्हणून, मेतकुटाचे डबे भरून गेली होती. पण डिसेंबर उजाडला आणि फोनवरचा तिचा सूर बदलला. "सगळं चांगलं आहे रे, पण मला कोंडल्यासारखं होतं," एवढेच ती म्हणे. बहीण दुसऱ्या खोलीत जाऊन हळू आवाजात निराळेच सांगे. "दादा, ती मध्यरात्री उठून खिडकी उघडते. बाहेर उणे आठ असतं. सकाळी खोकत बसते. मी खिडकी लावली की बोलत नाही. दिवसभर बोलत नाही. माझ्या घरात तिला काय कमी पडतं तेच मला कळत नाही." दोघीही आतून दुखावल्या होत्या आणि दोघीही ते कबूल करीत नव्हत्या. शेवटी आईला परत घेऊन यायचे ठरले. माझ्या परतीच्या विमानातच तिची जागा राखून मी निघालो.

पोचलो त्या रात्री मला कारण कळले. निदान निम्मे तरी कळले. आईच्या खोलीत पाऊल टाकले आणि वैशाखातल्या पत्र्याच्या वर्गात शिरल्यासारखे वाटले. भिंतीवरच्या तापमापकात तीस अंश होते. खिडकीखाली बिडाचा एक सांगाडा उभा होता. आठ जाड फासळ्या, वर रंगाचे थरावर थर. एका टोकाला जमिनीतून वर आलेला नळ आणि त्यावर लाकडी मुठीचा व्हॉल्व्ह. दुसऱ्या टोकाला, मध्यावर, बंदुकीच्या गोळीच्या आकाराची एक शिटी. हाच तो रेडिएटर. मूठ उजवीकडे अगदी शेवटपर्यंत पिळलेली होती, म्हणजे तो बंद होता. बंद असून फासळीला हात लावण्याची सोय नव्हती.

या वस्तूची रचना मी पुढच्या दोन-तीन दिवसांत समजून घेतली. शाळामास्तराची खोड, चालत नाही ते का चालत नाही हे कळल्याशिवाय चैन पडत नाही. इमारत शंभर वर्षांपूर्वीची आहे. तिच्या तळघरात बॉयलर आहे. पाण्याची वाफ झाली की ती सुमारे सतराशे पट जागा मागते, हे फळ्यावर किटली काढून मी वर्षानुवर्षे शिकवत आलो. पण त्या एका वाक्यावर सहा मजल्यांची ऊब उभी राहू शकते, हे मला ठाऊक नव्हते. वाफ आपल्याच जोराने वर चढते, तिला पंप लागत नाही. रेडिएटरच्या पोटात आधी हवा असते. ती त्या शिटीतून फुसफुसत बाहेर पडते आणि तिची जागा वाफ घेते. वाफ शिटीपर्यंत पोचली की शिटी आपोआप मिटते. मग थंड बिडाला लागून वाफेचे पाणी होते, आणि होता होता ती आपल्या पोटातली सारी उष्णता खोलीला देऊन टाकते. उरलेले पाणी ज्या नळाने वाफ आली त्याच नळाने खाली जाते. एकच बोळ, त्यातूनच वाफेने वर यायचे आणि पाण्याने खाली जायचे.

म्हणूनच या रेडिएटरची मूठ एकतर पूर्ण उघडी हवी, नाहीतर पूर्ण बंद. मधली अवस्था त्याला मानवत नाही. पण माणसाला मधलीच अवस्था हवी असते. उकडू लागले की तो मूठ अर्धी पिळतो. खाली जाणारे पाणी अर्ध्या वाटेवर अडते, वर येणारी वाफ त्या पाण्यावर आदळते, आणि रात्री दोन वाजता कोणी नळावर घण घालावा तसा आवाज होतो. आमच्या मेहुण्यांनी हा प्रयोग आधीच करून पाहिला होता. खालच्या मजल्यावरच्या बाई झोपेच्या कपड्यांतच वर आल्या होत्या म्हणे. मग त्यांनी मूठ शेवटपर्यंत पिळली. त्यानेही भागले नाही. मूठ शेवटपर्यंत फिरत होती, परंतु आतला वायसर झिजून गेला होता. आपल्या न्हाणीतला नळ कितीही आवळला तरी टपटपत राहतो, तसाच हा प्रकार. फरक एवढाच, की इथे पाण्याऐवजी वाफ टपकत होती. फटीतून आत आलेल्या वाफेचे पाणी होई, त्याला परतायला पुरेशी वाट नसे, ते साचे आणि शिटीतून थुंकल्यासारखे बाहेर उडे. आईच्या उशाशी रात्रभर हे चाललेले. फुस्स, टप, धाड, पुन्हा फुस्स.

बाहेर पडून पाहिले तर आई काही एकटी नव्हती. रस्त्यावर गुडघाभर बर्फ, आणि समोरच्या इमारतीच्या दर्शनी भिंतीतल्या सोळा खिडक्यांपैकी नऊ उघड्या. कुठे हातभर, कुठे सताड. एका खिडकीतून पडदा बाहेर येऊन फडफडत होता. गॅस जाळून ही माणसे रस्ता तापवीत होती. मॅनहॅटनच्या रस्त्यांतून वाफेचे लोट निघताना आपण चित्रपटांत पाहतो. तिथे १८८२ सालापासून रस्त्याखालच्या नळांतून वाफ विकली जाते. पण आमच्या क्वीन्समधल्या या इमारतीत वाफ घरचीच होती, आणि तरी खिडकीतून जात होती.

तळघरातल्या त्या बॉयलरला बाहेर किती गारठा आहे हे कळते. तुमच्या खोलीत किती उकडते आहे हे कळत नाही. शहराचा कायदाही गारठ्याचीच काळजी वाहतो. १ ऑक्टोबर ते ३१ मे या काळात, दिवसा बाहेर ५५ अंश फॅरनहाइटच्या खाली उतरले तर घरात किमान ६८ अंश हवेत, आणि रात्री बाहेर काहीही असो, किमान ६२. हा कायदा चांगला आहे. भाडेकरूला थंडीत मारू पाहणारा मालक जगात सगळीकडेच असतो. पण बहिणीने उकाड्याची तक्रार केली तेव्हा इमारतीच्या कचेरीतल्या बाई म्हणाल्या, "ऊब जास्त आहे अशी तक्रार करणारे तुमच्यासारखे सुखी लोक थोडे!" आणि फोन ठेवला.

इमारतीची देखभाल करणारा गृहस्थ मात्र भला निघाला. त्याला तिकडे सगळे 'सुपर' म्हणतात. इक्वेडोर देशातून वीस वर्षांपूर्वी आलेला, ठेंगणा, दणकट माणूस. त्याचे इंग्रजी आणि माझे इंग्रजी, दोन्ही मॅट्रिकपर्यंतचे, त्यामुळे आमचे चांगले जमले. त्याने रेडिएटरच्या फासळ्या एकेक करून मोजल्या, खोलीच्या चार भिंतींकडे हात केला, आणि तोंडाने 'च् च्' केले. खोलीच्या मानाने रेडिएटर फार मोठा होता. मग त्याने खिडकीकडे बोट दाखवून सांगितले, "हा खिडकी उघडी ठेवण्यासाठी केलेला आहे."

मला वाटले, भाषेचा घोटाळा झाला. खिडकी उघडी ठेवण्यासाठी शेगडी? पण त्याने तेच पुन्हा सांगितले. जुने लोक. मोठा आजार. खिडकी उघडी.

जवळच सार्वजनिक वाचनालय आहे. तिथे बसून मी त्याच्या तीन तुकड्यांचा अर्थ लावला. कोंडलेल्या हवेची भीती तिकडे जुनीच. 'अंकल टॉम्स केबिन' लिहिणाऱ्या हॅरिएट बीचर स्टो आणि त्यांची बहीण कॅथरीन यांनी १८६९ साली घरसंसारावर एक जाडजूड पुस्तक लिहिले. त्यातही बंद खोलीत शेगड्या पेटवून कोंडलेली हवा ओढत बसण्यावर त्यांनी कडक ताशेरे झाडले आहेत. मग आली १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ. माणसे पटापट मेली. आरोग्य खात्यांनी सांगितले, खिडक्या उघड्या ठेवा, हिवाळ्यातसुद्धा. आता जिथे जानेवारीत नळातले पाणी गोठते तिथे खिडकी उघडी ठेवून जगायचे कसे? उत्तर इंजिनिअरांनी शोधले. वर्षातला सर्वांत थंड दिवस धरा, वारा सुटलेला धरा, खिडक्या उघड्या धरा, आणि तरीही खोली उबदार राहील एवढा मोठा बॉयलर आणि एवढे मोठे रेडिएटर बसवा. त्यानंतरच्या दहा-बारा वर्षांत न्यूयॉर्कमध्ये इमारतींचे पीक आले, आणि या हिशेबाचे बिडाचे सांगाडे घरोघर बसले. पुढे साथ ओसरली, भीती ओसरली, लोकांनी खिडक्या लावून घेतल्या. बीड मात्र होते तसेच राहिले. २०२० साली जगभर पुन्हा 'खिडक्या उघडा' असे सांगितले गेले, तेव्हा या जुन्या हिशेबाची तिकडच्या लोकांना नव्याने आठवण झाली.

१९१८ हा आकडा वाचला आणि मी पुस्तक मिटले. तिकडच्या इन्फ्लुएंझाला आपल्याकडे नाव होते मानमोडी. जून महिन्यात ती मुंबईच्या बंदरात उतरली, आणि पावसाने दगा दिलेल्या त्या वर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास खेडोपाडी पसरली. हिंदुस्थानात एक कोटीच्या वर माणसे गेली. आमच्या घरात हा शब्द मी लहानपणापासून ऐकलेला. आईची आजी मानमोडीत पोरकी झाली, एवढे एक वाक्य. त्याच्या पुढे कोणी बोलत नसे.

संध्याकाळी जेवणे झाल्यावर मी आईला म्हटले, "आई, तुझ्या खोलीतली ही शेगडी कशासाठी केलीय माहीत आहे का? मानमोडीसाठी." आणि जे वाचले ते सांगितले. बहीण ओट्याशी भांडी आवरीत होती.

आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे त्यांनाही कळलं होतं तर."

"काय कळलं होतं?"

"खिडकीचं."

मग तिने जे सांगितले ते आम्हा दोघा भावंडांना नवे होते. आजी तेव्हा तेरा वर्षांची. कऱ्हाडच्या पलीकडे खेड्यात घर. घरात ताप शिरला तेव्हा कोणा शहाण्याने सांगितले, वारा लागू देऊ नका. घरातल्यांनी दारे लावली, खिडकी लावली, फटीत चिंध्या कोंबल्या आणि आत शेणीची धग केली. त्या एका माजघरात तिची आई आणि दोन भाऊ. आजीलाही ताप होता. पण आत चौथे अंथरूण मावेना म्हणून तिला पडवीत टाकले होते. आठ दिवसांत आतली तिघे गेली. पडवीतली वाचली. वाऱ्याने वाचले, ही तिची जन्माची समजूत. वैद्यकाच्या दृष्टीने ती खरी की खोटी, हे मी ठरवणारा कोण? पण पुढे सून आली, नातवंडे झाली, घर बदलले, तरी तिने निजायच्या खोलीची खिडकी कधी कोणाला लावू दिली नाही. पावसात गोणपाट बांधायची, पण फट ठेवायची. आई तिच्याच कुशीत वाढली.

"मला काही आजारबिजार होईल म्हणून नाही रे," आई म्हणाली. "पण खिडकी लावलेली आणि आत धग. मला डोळाच लागत नाही. आजी हलवून उठवते असं वाटतं."

ओट्याशी नळ वाहतच राहिला होता. बहिणीने तो बंद केला, हात पुसले, आणि ती आईच्या शेजारी येऊन बसली. "मग मला एकदा तरी सांगायचंस," एवढेच म्हणाली. आई म्हणाली, "तुझ्या घरात येऊन मेलेल्यांच्या गोष्टी काय सांगायच्या?"

त्यानंतर रेडिएटर दुरुस्त करणे हे केवळ उकाड्याचे काम उरले नाही. मेहुण्यांनी सुपरला गाठले. रविवारी सकाळी ऊन पडले, गारठा थोडा उतरला, तेव्हा त्याने तासाभरासाठी बॉयलर थांबवला आणि पिशवी घेऊन वर आला. त्याच्या हाताला घाई नव्हती. आधी फासळीवर तळवा ठेवून बीड पुरते निवू दिले. वाफ असताना हा व्हॉल्व्ह उघडणाऱ्याचे तोंड भाजते, हे त्याने स्वतःच्या गालावर हात मारून अभिनयासह सांगितले. मग सुरीने नटाभोवतीचा रंग कापला. शंभर वर्षे रंगाऱ्यांनी नट आणि अंग एक करून टाकले होते. एका पान्याने व्हॉल्व्हचे अंग घट्ट धरले आणि दुसऱ्या लांब पान्याने वरचा नट सोडवला. एक पाना धरायला मला दिला होता. नळाला पीळ बसला तर जमिनीखालचा सांधा तुटतो, म्हणून हा दुसरा पाना. दांडा बाहेर आला. त्याच्या टोकाला वायसर म्हणून जे होते ते जळक्या भाकरीच्या कडेसारखे होते. बोट लावताच त्याचा चुरा झाला.

सुपरने बिस्किटांचा एक डबा काढला. त्यात निरनिराळ्या मापांचे वायसर होते. तीन लावून पाहिले, चौथा बसला. आत फडके बांधलेले बोट घालून त्याने बैठक पुसली, दांडा परत घातला, नट आवळला. मग रेडिएटरच्या माथ्यावर पाणसळ ठेवली. वाफेचे पाणी परत जायचे तर रेडिएटरला नळाच्या बाजूला किंचित उतार हवा. वर्षानुवर्षांच्या वजनाने जमीन दबून तो उतार उलटा झाला होता. शिटीकडच्या दोन पायांखाली त्याने लाकडाच्या दोन पातळ पट्ट्या सारल्या. शेवटी शिटी काढून तिच्या आणि रेडिएटरच्या मध्ये मेहुण्यांनी आणलेली एक चकती असलेली कळ बसवली. ही मला सर्वांत आवडली. खोली पुरेशी उबदार झाली की ही कळ हवेची वाट अडवते. हवा बाहेर पडली नाही तर वाफेला आत शिरता येत नाही. वाफेशी झुंजायचे नाही. नुसती हवा धरून ठेवायची. आता मूठ उघडी ठेवूनही ऊब बेताची राहणार होती, आणि मूठ पिळली तर ती साफ बंद होणार होती.

बहिणीने त्याला चहा आणि पोह्यांचा चिवडा दिला. चिवड्यातली मिरची त्याने वेचून आधी खाल्ली. पैसे देऊ केले तर थोडे आढेवेढे घेऊन त्याने घेतले. घ्यायलाच हवे होते. जाताना आईला काहीतरी स्पॅनिशमध्ये म्हणाला. आईने त्याला "बरं हो बाबा" असे उत्तर दिले.

दुपारी बॉयलर पुन्हा सुरू झाला. आम्ही चौघे त्या खोलीत उभे राहून वाट पाहत होतो, जणू कोणी पाहुणा येणार होता. मेहुण्यांनी परीक्षा म्हणून मूठ पूर्ण पिळून ठेवली. नळ तापू लागला. व्हॉल्व्हपर्यंत हात ठेववेना. त्याच्या पलीकडची पहिली फासळी मात्र गार, दुसरी गार, आठवी गार. फुस्स नाही, टप नाही. मग त्यांनी मूठ उघडली. शिटी थोडा वेळ श्वास टाकीत राहिली आणि गप्प झाली. रात्री तापमापकात एकवीस अंश होते.

निजायच्या वेळी बहीण खिडकी लावायला गेली. खाली ओढता ओढता थांबली आणि आईकडे पाहिले. आई पांघरूण घेऊन पडली होती. "चार बोटं राहू दे," ती म्हणाली. बहिणीने चार बोटे धरून मापले आणि तेवढी फट ठेवली. रेडिएटरच्या मूळ हिशेबात ती फट धरलेली होतीच. रात्री पाणी प्यायला उठलो तेव्हा दार ढकलून पाहिले. आईला गाढ झोप लागली होती. पडद्याची कड हलत होती.

चार दिवसांनी आईचे तिकीट पुढे ढकलले. त्यासाठी विमान कंपनीने जे पैसे घेतले त्यात आमच्या गावात एक खिडकी चौकटीसकट बसवून मिळाली असती. ती एप्रिलपर्यंत राहिली. मी ठरल्या दिवशी एकटाच निघालो. बॅग दाराबाहेर काढली तेव्हा आईने पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "घरी गेलास की माजघरातली खिडकी उघड बघू. मी नसले की सूनबाई लावून टाकते."